जोर आणि जागा

खडकाळ वाटांवर धावणाऱ्या मोटारसायकलीचे टायर घरी हातांनी बदलताना एक नैतिक प्रश्न उभा राहतो, असे आम्हांला वाटते. टायरच्या कडेत पोलादी तार असते. ती ताणत नाही. शेवटचा वीतभर भाग रिमवर चढेना, की अधीर हात लोखंडी पट्टीवर जोर वाढवतो आणि आतली ट्यूब चिमटून फाटते. वस्तुतः अडचण हाताखाली नसतेच. समोरची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवावी, साबणाचे पाणी लावावे. तेवढ्या सैलपणाने पुढचे २१ इंची चाकही वश होते. मग जोर त्याज्य काय? नव्हे, जागा करून दिल्यानंतरच तो न्याय्य ठरतो. कचेरीत हाताखालचा माणूस अडला, तर दडपण वाढवण्यापूर्वी दुसरी बाजू सैल करता येते काय, हे पाहणे आम्ही कर्तव्य मानतो.