न मिळालेलें मागणें

पावसासाठीं प्रार्थना केली आणि पाऊस आला, म्हणजे रविवारीं उपकारस्तुति करावयास सारी मंडळी उभी राहते. परंतु तापानें फणफणलेल्या लेकरासाठीं जिनें सात रात्री गुडघे टेकले आणि आठव्या दिवशीं त्याला मातींत ठेविलें, त्या आईनें रविवारीं काय सांगावें? अशा घरीं कित्येक उपदेशक बंधु घाईनें म्हणतात, “बाई, तुमचा विश्वास उणा पडला.” हें उत्तर देऊं नये, असें आम्हांस निक्षून सांगावयाचें आहे.

तें शास्त्राला धरून नाहीं. पौलानें शरीरांतला कांटा जावा म्हणून तीनदां विनंती केली. कांटा राहिला, कृपा मात्र मिळाली. मोशेनें यार्देनेपलीकडे जाण्यासाठीं काकुळतीनें मागितलें. त्यास डोंगरावरून नुसतें पाहावयास मिळालें. गेथशेमानेंत प्रभूनें स्वतः प्याला टळावा म्हणून मागितलें. यांपैकीं कोणाचा विश्वास उणा म्हणावा?

शेजारीपाजारी त्या आईला म्हणतात, “नवस केला असतास तर मूल वांचलें असतें.” हें बोलणें तिला झोंबतें. पण खरें सांगावयाचें तर आपणही पुष्कळदां नवसाची रीतच देवळांत आणतों: इतक्या रविवारीं आलों, इतकें दान टाकलें, आतां तूं एवढें दे. असा सौदा मोडला कीं देवही मोडला असें वाटतें. प्रार्थना ही बापाजवळची बोलणी आहे. तींत रडणें आलें, गाऱ्हाणेंही आलें. स्तोत्रकर्त्यानें तें कधीं लपविलें नाहीं. ज्याचा बापावर भरंवसा नाहीं, तो त्याच्यापुढें रडावयास जातच नाहीं.

पंडिता रमाबाईंचे पति 1882 सालीं वारले, तेव्हां मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. ती एकुलती एक. केडगांवच्या मुक्तिसदनाचा भार आपल्यामागें तिनें वाहावा, ही आईची आशा. 1921 सालीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, मनोरमाबाई आईच्या आधीं गेल्या. रमाबाईंनीं साध्या मराठींत शास्त्राचें भाषांतर करण्यास हात घातला होता, तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. 5 एप्रिल 1922 रोजीं त्याही निवर्तल्या.

हें काम पुरें व्हावें म्हणूनच देवानें मुलगी नेली, असें कोणी म्हणेल. असें बोलण्याचा अधिकार आम्हांस दिसत नाहीं. कारण ठाऊक असलें म्हणजे मग भरंवशाची गरज काय? रमाबाईंस तें ठाऊक होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं काम सोडलें नाहीं, एवढ्या अर्थानें त्यांचा भरंवसा आम्हांस दिसतो.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, त्या आईच्या घरीं जाल तेव्हां कारणें सांगूं नका. तिला प्रार्थना करवत नसेल तर तिच्या ओसरीवर बसून मंडळीनें ती करावी. आणि चूल पेटली नसेल तर जातांना भाकरी न्यावी.