अकलेचा जुगार

जुगार हराम आहे, याबद्दल आपल्या समाजात दुमत नाही. दुमत नसल्यामुळे त्यावर कोणी फारसे बोलत नाही. मग तरुण पोरे नवा प्रश्न घेऊन आली की मौलानांजवळ आणि वडीलधाऱ्यांजवळ 'हराम आहे' एवढेच उत्तर उरते. दहावीच्या वर्गातला एक मुलगा मला म्हणाला, "सर, पोकर तो दिमाग़ का खेल है, तीन पत्ती थोड़ी है!" मुलगा गणितात हुशार. लास वेगासच्या स्पर्धा त्याने मोबाइलवर पाहिल्या होत्या. साधी नोकरी करणारी माणसे देशोदेशींहून तिकडे जातात, आपल्या खर्चाने विमानात बसतात, आठवडाभर खेळतात आणि त्यांतला एखादा करोडपती होऊन परततो. त्याचे म्हणणे असे की, जेथे अक्कल चालते तो जुगार कसा?

प्रश्न पोरकट नाही. आपल्या कायद्याला तो दीडशे वर्षे छळतो आहे. इंग्रजांनी १८६७ साली जुगाराविरुद्ध कायदा केला, मुंबई इलाख्यासाठी १८८७ साली वेगळा केला आणि दोन्हींत निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट ठेवली. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्त्यांच्या खेळांना नशिबाच्या रांगेत बसवले. पोकरचे घोंगडे मात्र भिजतच राहिले. २०१३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला कौशल्याच्या बाजूला धरले, तर २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने तो जुगारच असे सांगितले. न्यायमूर्तींचे जेथे एकमत होत नाही, तेथे पंधरा वर्षांच्या मुलाला एका वाक्यात गप्प करणे बरे नव्हे.

एखादी गोष्ट तपासायची तर तिचे सर्वांत चांगले रूप समोर ठेवून तपासावी. बायकोचे दागिने गहाण टाकणारा अड्ड्यावरचा जुगारी घेतला तर निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून मी जो हाशेमचे उदाहरण घेतो. हा बैरुतमध्ये जन्मलेला, लहानपणी आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात गेलेला माणूस. मेलबर्नमध्ये तो पाठीच्या मणक्यावर हाताने उपचार करीत असे. हातांच्या रक्तवाहिन्यांच्या एका दुर्मीळ विकारामुळे त्याला तो व्यवसाय सोडावा लागला. २००५ साली तो लास वेगासला 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ची मुख्य स्पर्धा खेळायला गेला. प्रवेश फी दहा हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे चार लाखांहून अधिक रुपये. एकूण ५,६१९ खेळाडू होते. हाशेम त्या सर्वांत पहिला आला आणि त्याला ७५ लाख डॉलर मिळाले. प्रेक्षकांतले ऑस्ट्रेलियन लोक आपला संघ विश्वचषक जिंकल्यासारखे ओरडत होते.

या स्पर्धेची रचनाही न्याय्य आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येकाने सारखीच फी भरायची आणि प्रत्येकाला सारख्याच चकत्या मिळायच्या. श्रीमंत माणूस मध्येच खिशातून आणखी पैसा काढून गरिबाला दडपू शकत नाही. चकत्या संपल्या की खुर्ची सोडायची. युधिष्ठिर एकामागून एक राज्य, भाऊ आणि शेवटी द्रौपदी पणाला लावत गेला, तसे येथे एका स्पर्धेत घडू शकत नाही. किती बुडणार ते घरून निघतानाच ठाऊक असते.

आता शेवटचा डाव पाहा. हाशेमसमोर उरला होता स्टीव्ह डॅनेनमन, अमेरिकेतला एक हिशेबनीस. आपल्या घरच्या मित्रमंडळीतही आपण चौथ्या क्रमांकाचे खेळाडू आहोत, असे तो स्वतःच सांगत असे. या खेळात प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते असतात आणि पाच पत्ते सर्वांसाठी मध्ये उघडले जातात. हाशेमच्या हातात सत्ती आणि तिर्री होती, जे पत्ते जाणता खेळाडू एरवी न बघता टाकून देतो. मध्ये पहिले तीन पत्ते उघडले ते चार, पाच आणि सहा. तीनपासून सातपर्यंत ओळ लागली. चौथा पत्ता एक्का आला. डॅनेनमनच्या हातात एक्का होताच. जोडी झाली आणि त्याचा धीर वाढला. सारा डाव त्याने त्याच भरवशावर लावला. एक्क्यामुळे माणूस तरतो, तो एक्क्यामुळेच बुडाला.

मग याला अक्कल म्हणायचे की नशीब? दोन्ही आहे. तो चार-पाच-सहा कोणाच्या अकलेने आला नाही. पण हजारो माणसांमधून त्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचणे निव्वळ नशिबाचे काम नव्हे. शक्यता मोजणे, समोरच्याचा चेहरा वाचणे, वाईट पत्ते वेळीच टाकणे आणि स्वतःचा राग-लोभ लपवणे यासाठी बुद्धी लागते, सबुरीही लागते. मी त्या मुलाला सांगितले, तुझे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. हा डोक्याचा खेळ आहे.

माझे म्हणणे याच्या पुढे सुरू होते. डोक्याचा खेळ ठरला म्हणून तो निर्दोष कसा ठरतो? मला तर उलट वाटते. नाणे उडवून पैसे लावले तर निदान दोघेही सारखेच असहाय असतात. त्यात कोणी कोणाला फसवत नाही. अक्कल आली की दोघांतली ही बरोबरी संपते. ज्याला कळते त्याने ज्याला कळत नाही त्याच्याकडून नियमितपणे पैसा काढावा, अशी ती व्यवस्था होते. पोकरच्या दुनियेत नवख्या, कच्च्या खेळाडूला 'मासा' म्हणतात. टेबलावर बसताना मासा कोणता, ते आधी हेरावे, अशी शिकवणच असते. आणि नशीब कशासाठी? ते गळाला लावलेले आमिष आहे. बुद्धिबळात कच्चा खेळाडू दहा डाव ओळीने हरला की त्याला आपली पायरी कळते. पोकरमध्ये तो अधूनमधून जिंकतो, म्हणून पुन्हा येतो. अक्कल आणि नशीब येथे एकमेकांविरुद्ध नसून भागीदार आहेत.

मी शिक्षक असल्यामुळे मला हे जास्त खटकत असेल. आमच्या धंद्यात अक्कल दुसऱ्याला देऊन टाकायची असते आणि दिल्याने आमचे काही कमी होत नाही. डॉक्टरच्या अकलेने रोगी बरा होतो. सुताराच्या अकलेने खुर्ची होते, त्या खुर्चीवर अडाणीही बसतो. पोकरमधली अक्कल मात्र दुसरा अडाणी राहिला तरच पैसे देते. समोरच्याला शिकवले की आपले उत्पन्न घटले. अशा अकलेला अक्कलच म्हणावे लागते, पण तिचा मान राखणे मला जमत नाही.

हिशेब मांडू. ५,६१९ माणसांचे दहा हजारांप्रमाणे ५ कोटी ६१ लाख ९० हजार डॉलर जमले. त्यातले सहा टक्के, म्हणजे तेहेतीस लाखांहून अधिक, खेळवणाऱ्यांनी बाजूला काढले. उरलेले दहात एकाला वाटले गेले. बाकी नऊ जणांनी विमानाचे भाडे आणि हॉटेलचे बिलही वर भरले. इतके दिवस इतकी बुद्धिमान माणसे एका हॉलमध्ये बसली आणि उठली तेव्हा जगात धान्याचा एक दाणाही वाढला नव्हता.

येथे शेतीचा दाखला ठरलेला असतो. शेतीसुद्धा पावसाचा जुगारच नाही का? व्यापारात जोखीम नाही का? जोखीम आहे, जुगार नाही. विदर्भातला कापूसवाला पेरणी करतो तेव्हा जोखीम त्याच्या कामाला चिकटून येते, ती त्याला नकोच असते. पाऊस बरा झाला तर त्याचेही पिकते आणि शेजाऱ्याचेही. पोकरच्या टेबलावर जोखीम मुद्दाम तयार करावी लागते. आणि शेजाऱ्याचे बुडाल्याशिवाय आपले पिकत नाही.

याहून अवघड आक्षेप दानाचा आहे, आणि तो आपल्या दीनी पुस्तकांतूनच निघतो. इस्लामपूर्व अरबस्तानात मैसिर नावाचा जुगार चाले. उंट कापून त्याचे वाटे करीत आणि बाणांनी चिठ्ठ्या काढीत. सात बाणांवर कमीजास्त हिस्से असत, तीन कोरे. कोरा बाण ज्याला येई त्याने उंटाची किंमत भरायची. जिंकणारे बहुधा ते मांस स्वतः खात नसत, गरिबांत वाटून टाकत आणि त्याचा अभिमान मिरवत. हिवाळ्यात, टंचाईच्या दिवसांत हा खेळ विशेष होई. त्यात न उतरणाऱ्याला कंजूष म्हणून हिणवत. म्हणजे आजच्या भाषेत तो चॅरिटी शो होता! कुरआनने ही बाब नाकारली नाही. सूरह बकरामध्ये दारू आणि जुगार यांचा उल्लेख येतो तेथे त्यांत लोकांना काही लाभ असल्याचे कबूल केले आहे आणि मग गुनाहाचे पारडे जड ठरवले आहे. मला ही जागा फार मोलाची वाटते. मिंबरवरून बोलताना हा कबुलीचा भाग आपण घाईने उरकतो, असे माझे निरीक्षण आहे.

आजही असे दानशूर आहेत. २००८ सालचा विजेता पीटर ईस्टगेट डेन्मार्कहून आलेला बावीस वर्षांचा तरुण होता. त्याने पुढे २०१० साली आपले विजेतेपदाचे कडे विकून पैसे युनिसेफला मुलांसाठी दिले. २००७ सालचा विजेता जेरी यांग हा लाओसमधून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेला हमाँग समाजातला माणूस. दोन वर्षांपूर्वी पोकर शिकलेला. ८२ लाख ५० हजार डॉलर मिळाले, त्यातला दहावा भाग त्याने दानाला दिला. तो श्रद्धाळू ख्रिस्ती. अंतिम टेबलावर पत्ता उघडण्यापूर्वी तो मोठ्याने प्रार्थना करी.

त्याच्या श्रद्धेवर मला शंका नाही. पण त्या प्रार्थनेचा अर्थ काय होतो? मला हवा तो पत्ता दे, म्हणजे समोरच्याला नको तो पत्ता दे. पाऊस मागणारी दुआ सगळ्या गावासाठी असते. इम्तिहानात पास होण्याची दुआ करणारा मुलगा शेजारच्या बाकावरचा नापास व्हावा असे मागत नाही. समोर बसलेल्या, हसून हात मिळवलेल्या माणसाचे वाईट व्हावे याशिवाय दुसरी कोणतीच दुआ जेथे करता येत नाही, ती जागा कशी आहे ते वेगळे सांगायला नको. सूरह माइदामध्ये जुगार माणसामाणसांत वैर आणि द्वेष पेरतो, असा इशारा आहे. आपण त्याचा अर्थ अड्ड्यावरच्या चाकूमारीपुरता घेतो. हाशेम आणि डॅनेनमन यांच्यात चाकू निघाला नाही, दोघे सभ्यपणे वागले. पण दोघांच्याही मनाला तासन्‌तास दुसऱ्याच्या नुकसानीची आस धरून बसावे लागले, त्याला काय म्हणायचे? तो पैसा मग शाळेला द्या की रुग्णालयाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. हेतू वेगळे असतील, पण त्या मुलाचा प्रश्न तेथे निराळ्या वाटेने निकालात निघाला.

इतके बोलून झाल्यावर त्या मुलाने विचारले, "तो फिर सर, अपना टूर्नामेंट?" मोहल्ल्यातल्या क्रिकेटच्या सामन्यांबद्दल तो बोलत होता. कोकणातल्या आपल्या गावांत काय, मुंब्रा-भिवंडीत काय, सुट्टीत हे सामने ठरलेले. प्रत्येक संघाने फी भरायची, त्याच पैशांतून पहिल्या-दुसऱ्या नंबरचे बक्षीस. कुठे रोख, कुठे बोकड. मैदानाच्या उद्‌घाटनाला इमामसाहेबही येतात. लास वेगासच्या हॉलपेक्षा हे किती वेगळे? रक्कम लहान आहे आणि पोरे घाम गाळतात, एवढे खरे. पण सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि जिंकणाऱ्याने न्यायचे, हा साचा तोच.

आपल्या फिकहने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. घोड्यांच्या शर्यती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात झाल्या, शर्यतीला कोणाची हरकत नव्हती. बक्षीस तिसऱ्याने दिले तर प्रश्नच नाही. दोघांनीही पैसे लावले तर मात्र तो जुगार. तो टाळायचा तर हनफी आणि शाफई दोघांनी एक वाट सांगितली आहे. फी न भरणारा एक तिसरा स्पर्धक आत घ्यायचा. जिंकला तर बक्षीस त्याचे, हरला तर त्याचे काही जात नाही. अट एवढीच की तो नावापुरता नको. खरोखर जिंकू शकेल अशा तोलामोलाचा हवा. इमाम मालिक यांना ही वाटही पसंत नव्हती, पण महाराष्ट्रात आपण बहुतेक सारे हनफी नाहीतर शाफई आहोत.

बक्षीस एखाद्या दुकानदाराने द्यावे आणि फी चेंडू, पाणी, मंडपापुरती ठेवावी, हे सर्वांत साधे. ते जमत नसेल तर तिसरा स्पर्धक शोधायला लांब जावे लागणार नाही. फी भरायला पैसे नाहीत म्हणून हमालवस्तीतली पोरे दरवर्षी दोरीबाहेर उभी राहून सामने बघतात. गल्लीत त्यांचा खेळ मी पाहिला आहे. आपल्या संघांपेक्षा तो कमी नाही.