जुनी गाडी कुणाची?

अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओसारख्या दांडग्या इंजिनांच्या मोटारी लोक आजही हौसेनं पुन्हा उभ्या करतात. आपल्याकडे तोच जीव चेतकवर जडतो. १९७२ पासून आकुर्डीत तयार होऊ लागलेल्या या स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून ठेवले. म्हणून वारज्यात कुणी वडिलांची गंजलेली चेतक गॅरेजात आणतो, तेव्हा तो नुसता पत्रा आणत नाही. घरानं पैपै साठवल्याचे दिवस आणतो.

पण पत्रा बदलला, पिस्टन बदलला, वायरिंग नवी झाली; मग गाडी जुनी कशी राहिली? २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी वाहनाला 'व्हिंटेज' म्हटलं आहे. कायदा वय आणि रूप पाहतो. मला वाटतं, वस्तूचं जुनेपण तिच्या अखंड निगराणीत असतं.

आणि ही निगराणी करतो कोण? नुसत्या आवाजावरून कार्ब्युरेटरमधला कचरा ओळखणारा मिस्त्री. पेट्रोलवरच्या चेतकचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली. बाजारात न मिळणारा भाग तो भंगारातून हुडकतो, नाहीतर लेथवर घडवून घेतो. गाडी चमकली की मालक तिच्यासोबत फोटो काढतो. मिस्त्री त्यात नसतो. मजुरीची घासाघीस मात्र त्याच्याशीच होते.

कागदावर मालकाचं नाव असतं, ते असू द्या. पण मालकी ही अमानत मानली, तर ती वस्तू जगवणाऱ्या हातांचंही देणं आपल्यावर लागतं. ते न फेडता मिरवलेलं प्रेम वडिलांच्या आठवणीचं नसतं, स्वतःच्या तोऱ्याचं असतं.