कुठला पूर?

बदलापूर गावातल्या कुणाला आपल्या गावाची जुनी छायाचित्रं इंटरनेटवर शोधावीशी वाटली, तर आधी वरुण धवनला वाट द्यावी लागते. २०१५ साली ‘बदलापूर’ नावाचा सिनेमा आला, त्याची पोस्टरं अजून रांगेत पुढे आहेत. त्यातून सुटलो की उत्तर प्रदेशातलं, जौनपूर जिल्ह्यातलं बदलापूर भेटतं. मग आपलं स्टेशन आणि टोलेजंग इमारतींच्या जाहिराती. उल्हास नदीकडचं मूळ गाव सगळ्यांत शेवटी, तेही दिसलं तर.

शेजारच्या अंबरनाथची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या शिवमंदिरात इ. स. १०६० चा शिलालेख आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात गावाचं ‘अमरनाथ’ हेही नाव दिलंय. त्या नावाने मंदिराची चित्रं शोधायला गेलं, की समोर काश्मीरची गुहा आणि बर्फाचं लिंग. वसईसाठी इंग्रजांचं ‘बसीन’ टाकावं, तर निम्मा शोध ब्रह्मदेशात पोचतो. त्या नावाचं बंदर तिकडेही होतं. उल्हासनगर हे नाव तर १९४९ मधलं. त्याआधीची निर्वासितांची छायाचित्रं हवी असतील तर ‘कल्याण कॅम्प’ म्हणावं लागतं. ज्याच्या घरात अजून ‘कॅम्प नंबर तीन’ असं बोलतात, त्याला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी कुणाला विचारावं?

म्हणजे शोधणारा शोधतो चित्र, पण संग्रहात त्याची गाठ पडते ती चित्राखाली कुणीतरी, कधीतरी लिहिलेल्या ओळीशी. ती ओळ साहेबाने लिहिली असेल तर त्याच्या स्पेलिंगने हाक मारायची. ओळच नसेल तर चित्र असून नसल्यासारखं. ब्रिटिश लायब्ररीने २०१३ च्या डिसेंबरात जुन्या पुस्तकांमधली दहा लाखांवर चित्रं फ्लिकरवर सर्वांसाठी खुली केली. कुठलं पुस्तक, कितवं पान, हे ठाऊक होतं. चित्रात काय आहे, हे मात्र नोंदलेलं नव्हतं. ते लोकांनी बघून सांगावं, अशी अपेक्षा होती.

‘आता यंत्रालाच सगळं दिसतं की,’ असं कुणी म्हणेल. दिसतं खरं. फोनला देऊळ कळतं, पाणी कळतं, नातवाचा चेहराही कळतो. पण माणसं ‘एखादं देऊळ’ क्वचितच शोधतात. पीटर एन्सर या अभ्यासकाने १९९० च्या सुमारास लंडनच्या हल्टन छायाचित्रसंग्रहाकडे आलेल्या मागण्या तपासल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक मागण्या नेमक्या होत्या : अमुक माणूस, अमुक जागा, अमुक घटना. घराघरातही तेच चालतं. दिवसकार्याच्या वेळी आत्याचा एकटीचा फोटो हवा असतो आणि मिळतात ते सगळे लग्नातले घोळक्याचे. आत्या कडेला, अर्धी कुणाच्यातरी खांद्यामागे. मग शेवटी वहिनीला फोन जातो. गणपतीच्या फोटोतलं मखर पाहून साल सांगणारी ती एकच आहे. तिच्या तोडीचं शोधयंत्र अजून मी पाहिलेलं नाही.

पुराचे फोटो हा बदलापूरचा खास विषय. २६ जुलै २००५ चा पूर, २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तो पूर, पुन्हा २०२१ चा. यंत्राला तिन्हीकडे गढूळ पाणीच दिसतं. गावातला माणूस मात्र पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलंय ते बघतो आणि साल सांगून टाकतो. त्यातून २००५ चे फोटो थोडे. खिशात कॅमेऱ्याचा फोन फारच थोड्यांच्या होता, आणि जे काही रोलवर काढलं ते अल्बमात गेलं.

आता कुणी अल्बमातल्या त्या फोटोचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतं. पाहणाऱ्याच्या फोनमध्ये तो फाइल म्हणून साठतो आणि तिच्या नावात तारीख लागते ती पाठवण्या-मिळण्याच्या दिवसाची. २०१९ च्या जुलैत आठवण म्हणून फिरवलेला २००५ चा पूर असा २०१९ च्या पुरात जमा होतो. पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी तो ‘आत्ताचा’ म्हणून पाठवतं, आणि पुण्याहून मावशीचा फोन येतो, सगळे माळ्यावर गेलात ना?