ताम्रकलश उजळताना



देवपूजेत तांब्याचा कलश, ताम्हण, पळी-पंचपात्र यांना मानाचे स्थान आहे. हवेने व ओलाव्याने ही उपकरणी काळवंडतात. तो त्यांचा दोष नव्हे, धातूचा धर्म आहे. ती कशी उजळावीत, एवढाच विवेक आपण करायचा.

नित्याची भांडी चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाच्या फोडीने, मीठ लावून घासावीत. आंबटातील आम्ल काळा थर विरघळवते, तांबे शाबूत राहते. मात्र तेलकटपणावर चिंच चालत नाही. सोलापुरात ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. घरच्या देवांना असा अभिषेक केल्यावर भांडे आधी गरम पाणी व रिठ्याने धुवावे, मग चिंच लावावी. शेवटी स्वच्छ पाण्याने खळबळून कोरडे पुसावे. आंबट राहिले तर हिरवा कळंक चढतो व तो पोटास अपायकारक असतो. म्हणूनच दही व पंचामृत तांब्यात ठेवू नये. भांडी तलावात धुऊन त्याचे पाणीही मलिन करू नये.

पूर्वजांनी अर्पण केलेल्या जुन्या कलशावर नाव व साल कोरलेले असते. त्याला वाळू, विटेची पूड, तारेची घासणी लावू नये. चकाकी आज येईल, पण झिजलेली अक्षरे परत येणार नाहीत. तेथे मऊ कापड पुरे. तपकिरी झाक राहिली तरी उणेपणा नाही. चांदीचा मुलामा असलेल्या वस्तूंनाही चिंच लावू नये.

बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी लोकांसह येथे तलाव खोदला. त्या कामात ते मग्न असता अल्लमप्रभू आले व त्यांच्या परखड बोलांनी सिद्धरामांना कर्तेपणाच्या सूक्ष्म अभिमानाची जाणीव झाली, अशी परंपरा आहे. पुढे ते कल्याणास गेले. अभिमान गेला, तलाव आजही मंदिराभोवती आहे. मळ तेवढा निघाला, धातू झिजला नाही.

घरातल्या माणसाची चूक सुधारतानाही हेच ध्यानी असावे. कोणाला परखड शब्द लागतो, कोणाला मऊ हात. खरवडून काढलेले मन उजळत नाही, झिजते. कोठे काय लावावे हे कळण्याची बुद्धी आपणा सर्वांना लाभो, हीच श्री सिद्धरामेश्वरांच्या चरणी प्रार्थना.