चाल कुणासाठी बदलायची?

व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग इथे १९८७ साली तीन तरुणांनी 'डीसी टॉक' नावाचा ख्रिस्ती बँड काढला. सुरुवात रॅपने झाली. १९९५च्या 'जीझस फ्रीक' या अल्बममध्ये मात्र रॅप मागे पडून ग्रंज या रॉकप्रकाराच्या वळणाची खरखरीत गिटार पुढे आली. तो काळच ग्रंजचा होता. तेव्हा बाजार पाहून रंग बदलला, की आपल्या पिढीशी तिच्या बोलीत बोलायचं म्हणून बदलला, हा प्रश्न रास्त आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला तो परका वाटू नये. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी इथलंच. मराठीत अभंग रचणारे नामदेव पंजाबात गेले आणि तिकडच्या लोकांना उमजेल अशा भाषेत गाऊ लागले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत. त्यांनी विठ्ठल सोडला, असं कुणी म्हणत नाही.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना हा प्रश्न फार आधी सोडवावा लागला. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, पुढे नगरला स्थिरावले. त्यांच्यासोबत आली ती इंग्रजी स्तोत्रं आणि त्यांच्या चाली. शब्द मराठी झाले, सूर तिकडचेच राहिले. अशी स्तोत्रं आजही ऐकायला मिळतात, आणि कान दिला तर अडचण लगेच कळते. इंग्रजी चालीचा जोर ठरावीक ठोक्यावर पडतो. मराठीत वजन ऱ्हस्व-दीर्घाचं. मग दीर्घ अक्षर आखडतं, ऱ्हस्व उगाच ताणलं जातं. त्यात प्रत्येक कडव्याचे शब्द नवे, म्हणजे हातात पुस्तक हवं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत बहुतेक माणसं दलित समाजातून आलेली. त्यांच्या घरी एकतारीवरचं भजन होतं, अक्षरओळख मात्र फार थोड्यांना.

अभंगाचं तसं नाही. पुढचा चरण म्हणतो, मागचे ध्रुपद उचलतात. दुसऱ्या फेरीला नवखा माणूसही टाळ धरून त्यात शिरतो. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं ते याच बळावर. नारायण वामन टिळकांनी तर १८९५च्या बाप्तिस्म्यानंतर अभंग, ओवी, पदं यांनी उपासनेचं अंगच बदलून टाकलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांच्या हातून अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. हा वेश पालटण्याचा प्रकार आहे, ओळखीच्या चालीआडून धर्मांतर साधायचं आहे, असं म्हणणारे होते, आजही आहेत. परक्याने दुसऱ्याचा सूर उसना घेतला असता तर मला हे पटलं असतं. पण टिळकांना अभंग कुणाकडून उसना घ्यायचा नव्हता. तो कोकणातल्या बालपणापासून त्यांच्या कानावर होता, आणि देव बदलला म्हणून माणसाचा कान बदलत नाही. नगरच्या शेतकऱ्याने ख्रिस्ती झाल्यावर बोस्टनच्या सुरात रडावं-हसावं, ही अपेक्षाच अन्यायाची होती. सुरांच्या मालकीचा दावा तसाही टिकत नाही. हार्मोनियम हे फ्रान्सचं वाद्य, द्‌बॅं यांनी १८४२ साली पेटंट घेतलेलं. आज त्याच्याशिवाय आपलं भजनी मंडळ उभं राहत नाही.

आता मराठी मंडळ्यांत कीबोर्ड, ड्रम, गिटार आली आहेत. पाळक आणि जुनी माणसं कुरकुरतात, तरुणांना अभंग संथ वाटतो. मी तरुणांच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. गिटारला माझी हरकत नाही. समोरची माणसं गप्प होण्याला आहे. मोठ्या स्पीकरवर चार जण गातात, बाकीचे पडद्यावरचे शब्द वाचत उभे राहतात, आणि बारा-चौदा सुरांच्या उड्या घेणारी ती चाल साठीच्या बाईच्या गळ्यात बसत नाही. इंग्रजी स्तोत्रांच्या काळी पुस्तकाने जे केलं, तेच आता पडदा करतो आहे. वारीच्या वाटेवर डीजे लावणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. ध्रुपद उचलायला कुणाला फटच मिळत नसेल, तर दिंडीत चालणारा माणूस प्रेक्षक होतो.

डीसी टॉकला हा निकष पुरता लागू होत नाही, हे मान्य करायला हवं. त्यांचा मंच मैफलीचा, उपासनेचा नव्हे. तिकीट काढून आलेल्याने ऐकायचं हा तिथला करारच आहे. रॅपवरून ग्रंजवर जाण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. घोळ होतो तो मैफलीची चाल जशीच्या तशी रविवारच्या उपासनेत आणली की. गिटार वाजवणाऱ्या मराठी पोरांनी त्या बँडकडून धिटाई जरूर घ्यावी. पण गाणं बांधायला बसताना सांगळे आणि टिळक समोर ठेवावेत: ओळ आखूड, ध्रुपद मोकळं, सूर मधल्या सप्तकात. ड्रमच्या ठेक्यावरही हे जमतं, भजनी ठेका त्यावर सहज वाजवता येतो.