पुसलेला शब्द आणि उरलेली जबाबदारी



दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, असे विचारले तर पुष्कळांना नमाज, रोजा किंवा परलोकाचे वर्णन आठवेल. प्रत्यक्षात ती आयत उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना आदेश दिला आहे की मुदतीचा व्यवहार कराल तेव्हा तो लिहून ठेवा. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. ईमान हृदयात असते हे खरे. पण त्याची परीक्षा वहीच्या पानावरही होते, ही शिकवण या आयतीतून मिळते.

आजचा आपला बाजार भरपूर लिहितो. मालेगाव-भिवंडीतील सुताचा भाव असो वा कोकणातील आंब्याच्या पेट्यांची मागणी, सारे व्हॉट्सॲपवर ठरते. जानेवारी २०१८ मध्ये व्यापाऱ्यांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे स्वतंत्र ॲप आले आणि लहान दुकानदाराचीही पेढी मोबाईलमध्ये उघडली. याच काळात या साधनाने लिहिलेले पुसण्याच्या सोयीही एकामागून एक दिल्या. २०१७ मध्ये ‘सर्वांसाठी हटवा’ आले. आरंभी त्याची मुदत सात मिनिटांची होती. २०२२ मध्ये ती दोन दिवसांहून अधिक झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये आपोआप नाहीसे होणारे संदेश आले. मे २०२३ पासून पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येऊ लागला. नवी सोय आली की आपण ती कशी वापरायची हे लगेच शिकतो. परंतु जे पुसता येते ते पुसण्याचा अधिकारही आपल्याला असतो काय, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

एक उदाहरण घ्या. सुताच्या व्यापाऱ्याने सकाळी एका यंत्रमागधारकाला भाव कळवला. त्याने लिहिले, “मंजूर, पन्नास गोण्या पाठवा.” दुपारी बाजार चढला. व्यापाऱ्याने आपला सकाळचा संदेश सर्वांसाठी हटवला आणि म्हणाला, “तो भाव चुकून गेला होता.” यंत्रमागधारकाच्या पडद्यावर संदेश हटवल्याची फक्त एक खूण उरली. त्या भावाच्या भरवशावर त्याने पुढे कापडाचा सौदा केलेला असेल, तर त्याचे नुकसान कोणी भरायचे?

इस्लामी धर्मशास्त्रात करार दोन गोष्टींनी उभा राहतो : ईजाब म्हणजे प्रस्ताव आणि कुबूल म्हणजे स्वीकार. समोरच्याचा होकार येण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो, असे हनफी फुकहांचे मत आहे. म्हणून होकार येण्याआधी चुकीचा आकडा दिसला आणि तो दुरुस्त केला, तर त्यात गैर काही नाही. तसे समोरच्याला कळवणे मात्र सचोटीचे लक्षण आहे. होकारानंतर करार कोणत्या क्षणी पक्का होतो, याविषयी हनफी आणि शाफई इमामांत मतभेद आहे. शाफई मतानुसार बैठक मोडेपर्यंत दोघांनाही माघारीची मुभा असते. परंतु झालेला करार झालाच नाही असे भासवण्याची मुभा कोणत्याही इमामाने दिलेली नाही.

हे नियम समोरासमोर बसलेल्यांसाठी होते, मोबाईलला ते लागू नाहीत, असे कोणी म्हणेल. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९० मध्येच याचा विचार केला होता. तेव्हा टेलेक्स, फॅक्स आणि संगणक ही नवी साधने होती. दूर असलेल्या दोघांनी अशा साधनांनी केलेला करार, प्रस्ताव पोचून त्याचा स्वीकार झाल्यावर, वैध करार ठरतो, असा निर्णय अकादमीने दिला. प्रस्तावाला मुदत दिली असेल तर ती संपेपर्यंत प्रस्तावक बांधील राहतो, हेही तिने स्पष्ट केले. निकाहासारख्या काही बाबी तिने यातून वगळल्या. सामान्य खरेदी-विक्री वगळली नाही. साधन बदलले, तरी शब्दाचे वजन तेच राहिले.

याला दुसरीही बाजू आहे. संदेश वाचल्याची निळी खूण दिसली म्हणून “तुम्ही वाचलेत, म्हणजे मान्य केलेत” असे म्हणणेही अन्यायच आहे. गप्प राहिलेल्याच्या तोंडी शब्द घालता येत नाही, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. त्याला जोडूनच सांगितले जाते की जिथे बोलणे आवश्यक असते तिथले मौन हे बोलणेच होय. अंगठ्याच्या चिन्हाचे काय? २०२३ मध्ये कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या न्यायालयासमोर असा खटला आला होता. जवसाच्या कराराचे छायाचित्र आल्यावर एका शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला होता. “करार मिळाला एवढेच मला सांगायचे होते,” असे त्याचे म्हणणे होते. दोघांमधील पूर्वीच्या व्यवहारांची रीत पाहून न्यायालयाने त्या अंगठ्याला स्वीकृती मानले आणि ८२ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलर भरपाई ठरवली. फिकहमध्येही व्यवहाराचा अर्थ लावताना उर्फ, म्हणजे प्रचलित रूढी, विचारात घेतली जाते. म्हणून चिन्हापेक्षा स्पष्ट शब्द बरा, आणि गप्प राहण्यापेक्षा स्पष्ट नकार बरा.

नाहीशा होणाऱ्या संदेशांबाबत तर अधिक सावध राहिले पाहिजे. घरगुती गप्पा सात दिवसांनी विरून गेल्या तर बिघडत नाही. पण ज्या संभाषणात तीन महिन्यांची उधारी ठरली आहे, तिथे ही सोय चालू ठेवणे म्हणजे अल्लाहने लिहायला सांगितलेली गोष्ट पाण्यावर लिहिण्यासारखे आहे. अशा व्यवहारात ही सोय बंद ठेवावी आणि रक्कम, माल व मुदत वहीत उतरवून घ्यावी.

मग ज्याला सौद्याचा खरोखर पश्चात्ताप झाला आहे, त्याने काय करावे? शरीयतने त्याच्यासाठी दार उघडे ठेवले आहे. त्याला इकाला म्हणतात : दोघांच्या संमतीने सौदा मोडणे. पस्तावलेल्या माणसाचा सौदा जो आनंदाने परत घेतो, त्याच्या चुका अल्लाह कयामतच्या दिवशी माफ करील, अशी सुवार्ता हदीसमध्ये आहे. इकाला आणि ‘सर्वांसाठी हटवा’ यांतला भेद लक्षात घ्या. इकालामध्ये आपण समोरच्याकडे जातो आणि सूट मागतो. हटवताना त्याला न विचारता त्याचा पुरावा काढून घेतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले आहे की विकणारा आणि घेणारा खरे बोलले व दोष उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत येते, खोटे बोलले आणि लपवले तर ती बरकत पुसली जाते. दुपारी संदेश हटवणाऱ्या व्यापाऱ्याने आणखी काय पुसले, हे यावरून ओळखावे.

वाचकहो, अल्लाह तौबा स्वीकारतो आणि गुनाह पुसून टाकतो, ही आपली आशा आहे. पण माणसांच्या हक्कांची गोष्ट निराळी आहे. शहीदाचे सर्व गुनाह माफ होतात, कर्ज तेवढे उरते, असे हदीसमध्ये आले आहे. अल्लाहच्या मार्गात प्राण देणाऱ्याच्या रक्ताने जे पुसले जात नाही, ते आपल्या बोटाच्या एका स्पर्शाने कसे पुसले जाईल? ज्याचा हक्क आहे, पुसण्याचा अधिकारही त्याचाच आहे.